आरव्हीच्या छतावरचा एसी: गॅस भरायच्या आधी या चुका टाळा

आरव्हीच्या, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीच्या किंवा ट्रेलरच्या, छतावरच्या एसीबद्दल ज्या तक्रारी माझ्या कानावर येतात, त्यांतल्या बहुतेकांत एसी बिचारा निर्दोष असतो. दोष निघतो छताच्या भोकात, एसीखाली सिलिंगला आतून लावलेल्या डब्यात, नाहीतर घराबाहेरच्या सॉकेटमध्ये. इथे टेक्सासात मे महिना लागला की महाराष्ट्र मंडळातल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "दादा, एसी गार करत नाहीये." आणि पुढचं वाक्य ठरलेलं, "गॅस संपला असेल ना?"

तर आधी गॅसचंच बघू.

उठसूट गॅस भरून घेणे

पुण्या-मुंबईत वाढलेल्या आपल्या लोकांच्या डोक्यात हे घट्ट बसलंय. घरचा स्प्लिट एसी गार करेना की मेकॅनिक येतो, गेज लावल्यासारखं करतो, "गॅस कमी आहे साहेब" म्हणतो आणि पैसे घेऊन जातो. पण गॅस म्हणजे काही पेट्रोल नाही. तो जळत नाही, वापरून संपत नाही. कमी झालाच असेल तर कुठेतरी गळतोय. स्प्लिटमध्ये नळ्यांचे सांधे घरी येऊन जोडलेले असतात, तिथून तो गळू तरी शकतो. आरव्हीचं युनिट मात्र फ्रिजसारखं कारखान्यातच सील होऊन येतं आणि गॅस भरायला त्याला सहसा व्हॉल्व्हच ठेवलेला नसतो. वर अमेरिकेत या गॅसच्या कामाला स्वच्छ हवा कायद्याच्या कलम 608 चं प्रमाणपत्र लागतं, ते वेगळंच.

ह्यूस्टनजवळच्या एका मित्राने जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. 13,500 बीटीयूचा एसी, आधीच्या मालकाने स्वतः बसवलेला. सुरू केला की थोडा वेळ छान गार, मग वारा मंदावायचा, मग कॉम्प्रेसर बंद पडायचा, आणि जरा वेळाने सिलिंगच्या जाळीतून थेंब थेंब पाणी. मला विचारण्याआधीच त्याने एका मेकॅनिकला बोलावलं होतं. त्या गृहस्थांनी आतलं काहीही न उघडता थेट वर चढून तांब्याच्या नळीला भोक पाडलं, तिथे चिमट्यासारखा आवळायचा व्हॉल्व्ह बसवला आणि गॅस भरला. दुसऱ्या दिवशी तक्रार जशीच्या तशी.

मी गेलो तेव्हा बरोबर फक्त एक टॉर्च आणि स्वयंपाकघरात मांस शिजलं का ते बघायचा टोकदार थर्मामीटर नेला होता. खोलीत 84 फॅरनहाइट होतं. खोलीतली हवा आत ओढणाऱ्या जाळीतून थर्मामीटरचं टोक आत, हवा गार करणाऱ्या कॉइलच्या तोंडापर्यंत सरकवलं तर तिथे 65. खोलीतली हवा 84 ची आणि एसीत शिरणारी 65 ची, हे कसं? चार स्क्रू काढून सिलिंगचा डबा खाली उतरवला. छताच्या त्या चौकोनी भोकातून दोन वाटा जातात, एक गरम हवा वर जायची आणि एक गार हवा खाली यायची. त्या दोन वाटांच्या मध्ये एक पडदी असते, कुठे पत्र्याची, कुठे फोमची. इथली पडदी फोमची होती, नुसतीच कोंबलेली. टेपचा एक तुकडाही नव्हता. एका कोपऱ्यातून ती इतकी कलली होती की फटीत माझी दोन बोटं जात होती. गार हवा खोलीत यायच्या ऐवजी त्या फटीतून वळून पुन्हा वर जात होती. आधीच गार झालेली हवा कॉइलवरून पुन्हा पुन्हा फिरली की कॉइल गोठणबिंदूखाली जाते, तिच्यावर बर्फ धरतो, हवा जायला जागा उरत नाही, गोठण रोखणारा सेन्सर कॉम्प्रेसर बंद करतो आणि बर्फ वितळला की पाणी खाली. सगळी लक्षणं एकाच फटीतून आलेली.

फोम सरळ केला, भोकाच्या आतल्या लाकडी कडा अल्कोहोलने पुसल्या (धूळ असेल तर कुठलीच टेप धरत नाही) आणि सगळे सांधे अॅल्युमिनियमच्या टेपने बंद केले. थर्मामीटर परत तिथेच लावला, आता आत शिरणारी हवा 83. संध्याकाळपर्यंत ट्रेलर गार. कथा इथे संपली असती, पण नळीला पाडलेलं भोक काही बुजत नाही. त्या व्हॉल्व्हपाशी गॅस हळूहळू गळत राहिला आणि पुढच्या उन्हाळ्यात युनिट खरोखरच रिकामं निघालं. टेपचं एक रीळ पुरलं असतं तिथे नवीन एसी घ्यावा लागला.

माझी सवय विचाराल तर कुठलाही एसी बघायला गेलो की आधी सिलिंगचा डबा उतरवतो. नवीन गाडी असली तरी. कारखान्यातही हे काम घाईत झालेलं मी बघितलंय. ज्या गाड्यांत गार हवा छतातल्या डक्टमधून पुढे-मागे जाते, त्यांत तर भोकाची प्रत्येक कड टेपने मढवतो, नाहीतर गार हवा छताच्या पोकळीत फुकट जाते. करडी, कापडी डक्ट टेप मात्र अजिबात नको. नावात डक्ट असलं तरी उन्हाळ्यात तिचा गोंद सुटतो.

आणि एक चाचणी पाठच करून ठेवा. एसी वीसेक मिनिटं चालू द्या, मग आत शिरणारी आणि बाहेर येणारी हवा मोजा. फरक 16 ते 22 फॅरनहाइटच्या दरम्यान असेल तर मशीन ठणठणीत आहे, त्याला हात लावू नका. तरी खोली गार होत नसेल तर तुम्ही एसीकडून जास्त अपेक्षा करताय. 2023 च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग 31 दिवस पारा रोज 110 फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला. अशा उन्हात पातळ भिंतींची पत्र्याची पेटी दुपारी दोन वाजता 72 वर आणायचा हट्ट धरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. एसी सकाळी सातला सुरू करा, खिडक्यांना चकचकीत इन्सुलेशन लावा, जमलं तर सावलीत उभे राहा.

गॅस्केटला सिलिकॉन फासणे

नवीन एसी स्वतः बसवायला निघालेला माणूस दोन व्हिडिओ बघतो आणि छतावर चढताना सिलिकॉनची नळी बरोबर घेतोच. पाऊस आत येऊ नये म्हणून गॅस्केटच्या (युनिट आणि छत यांच्यामध्ये दाबून बसणाऱ्या जाड पट्टीच्या) खाली एक थर, वर एक थर, आणि समाधान झालं नाही तर युनिटच्या चारही कडा छताला चिकटवून टाकतो. पण एसी चालताना कॉइलवर जमणारं पाणी युनिटच्या तळातून छतावरच सोडलेलं असतं. त्याला बाहेर जायला वाट हवी. कडा बंद केल्या की ते युनिटखाली तुंबतं आणि गॅस्केट ओलांडून तुमच्या पलंगावर येतं. मग "अजून गळतंय" म्हणून आणखी सिलिकॉन.

छताचं भोक बहुतेक गाड्यांत 14 बाय 14 इंचांचं असतं आणि पाणी अडवायचं काम फक्त दाबलेलं गॅस्केट करतं. जुन्या गॅस्केटचे चिकटलेले तुकडे खरवडून जागा सपाट करा, युनिट अलगद वरून ठेवा आणि आतून चारही बोल्ट थोडे थोडे, समोरासमोरच्या जोड्यांनी आवळा. इंचभर जाडीचं गॅस्केट साधारण अर्ध्यावर आलं की थांबा. मॅन्युअलमध्ये बोल्ट आवळायचा जोर (टॉर्क) बहुधा 40 ते 50 इंच-पाउंड लिहिलेलं असतं. इंच-पाउंड! एका उत्साही तरुणाने टॉर्क रेंच फूट-पाउंडवर लावला, म्हणजे बारा पट जोर. छताच्या पातळ प्लायमध्ये खळगा पडला आणि आता दर पावसात एसीभोवती तळं साचतं. इम्पॅक्ट ड्रायव्हर घेऊन छतात घुसणाऱ्यांना तर मी मदतीलाही जात नाही.

रबराच्या छतावर सिलिकॉन नीट धरत नाही आणि एकदा लावलं की त्यावर दुसरं काहीच धरत नाही. हवेच्या झरोक्यांच्या आणि अँटेनाच्या कडांना आरव्हीच्या छतासाठी मिळणारं, आपणहून पसरणारं लॅप सीलंट वापरा. पेट्रोलियमवाले क्लीनरही छतापासून लांब ठेवा, रबर फुगतं.

आता घरात पाणी आलं तर पाऊस की एसी, हे कसं ओळखायचं? कोरड्या दिवशी एसी चालू असताना थेंब पडले तर ते एसीचं पाणी. तेव्हा तळातली भोकं, बर्फ आणि गाडी आडवी-तिरपी उभी आहे का ते बघा. एसी बंद असताना पावसात गळलं तर गॅस्केट, आणि आधी बोल्ट सैल झालेत का तेच तपासा. रस्त्याच्या हादऱ्यांनी ते होतात. मी दर वसंतात पाना लावून बघतो.

घरचं 30 अँपचं सॉकेट न तपासता प्लग लावणे

ही चूक एसी बसवणाऱ्याची नाही, पण तिने जेवढे एसी जाळले तेवढे विजेच्या कडकडाटाने जाळले नसतील.

आरव्हीचा 30 अँपचा प्लग तीन पिनांचा, जाडजूड असतो. तो 120 व्होल्टचा. इथल्या घरांमधल्या कपडे वाळवायच्या मशीनचा जुन्या पद्धतीचा प्लगही तीन पिनांचा, 30 अँपचाच, पण 240 चा. घरचा इलेक्ट्रिशियन 30 अँप ऐकतो आणि हात सवयीने दोन-पोलचा, म्हणजे 240 देणारा, ब्रेकर बसवतो. डॅलसच्या बाजूच्या एका काकांकडे हेच झालं. मी फोनवर विचारलं, "काका, प्लग लावण्याआधी मीटर लावून बघितलंत का?" काका म्हणाले, "बघितलं की. 240 आलं. आपल्याकडे पण 230 असतंच ना." आता काय बोलणार! कोथरूडच्या घराच्या हिशोबाने ते बरोबरच होते. पण इथे मायक्रोवेव्ह, बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टर आणि एसीचा बोर्ड असा सगळा संच एका सेकंदात गेला. वर इलेक्ट्रिशियनचं म्हणणं, "तुम्ही 30 अँपच सांगितलं होतं."

तिरप्या दोन पात्यांमध्ये 120 च्या आसपास यायला हवं. त्यातल्या एका पात्यापासून अर्थला 120 आणि दुसऱ्यापासून जवळजवळ शून्य. पॅनेलमध्ये दोन जोडलेल्या दांड्यांचा ब्रेकर दिसला तर प्लग हातातच ठेवा.

उलटा प्रकार कॅम्पग्राउंडवर. जुलैत सगळ्यांचे एसी लागले की व्होल्टेज घसरतं आणि कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसर जास्त करंट ओढून तापतो. 108 च्या खाली गेलं की मी एसी बंद करतो, बायकोची बोलणी खातो. 104 ला आपोआप तोडणारं संरक्षक यंत्र मिळतं. तीनशे डॉलरच्या आसपास जातं म्हणून लोक टाळतात आणि एसीवर हजार घालवतात.

बाकीच्या, थोडक्यात

गॅरेजमधली नारिंगी, 16 गेजची एक्स्टेंशन केबल एसीसाठी नाही. हात लावून बघा, तापलेली असते. 30 अँपला 10 गेज लागते (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड).

30 अँप म्हणजे 3600 वॅट. एसी, मायक्रोवेव्ह आणि विजेवरचा गीझर एकदम लावून ब्रेकर पडला तर ब्रेकर खराब नाही.

एसी बंद केल्यावर लगेच चालू करू नका. तीन-चार मिनिटं जाऊ द्या, आतला दाब समान होऊ द्या. मुलांच्या हातात थर्मोस्टॅट देऊ नका.

लहान जनरेटरवर 13,500 बीटीयूचा एसी चालवायचा तर सॉफ्ट स्टार्टर (कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका कमी करणारं यंत्र) बसवा. आणि कोलोरॅडोत डोंगरावर जाणार असाल तर दर 1000 फुटांमागे जनरेटर साधारण साडेतीन टक्के ताकद गमावतो हे जाण्याआधी मोजा, वर पोचल्यावर नाही.

एसीची मोटर सुरू करायला मदत करणारा कपॅसिटर वीज काढली तरी भरलेला असू शकतो. तो रिकामा करता येत नसेल तर झाकण उघडू नका, आणि बदलताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवा.

एसीचं वजन 75 ते 100 पाउंड. दोघंजण उचला. छतावरून ओढत नेला तर रबर फाटतं आणि गॅस्केट सरकतं.

सिलिंगचा डबा बऱ्याचदा वेगळा विकत घ्यावा लागतो. जुना एसी उतरवून छताला भोक पडल्यावर हे कळणारे कमी नाहीत.

नवीन एसी बसवला की जमिनीपासून उंची स्वतः मोजा आणि आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवा. नॉर्थ कॅरोलिनात डरहॅमला 11 फूट 8 इंचांचा रेल्वेपूल होता. त्याने कित्येक उंच गाड्यांची छतं सोलली. 2019 मध्ये तो उचलून 12 फूट 4 इंच केला, तरी गाड्या आपटतातच.

फिल्टर दर दोन आठवड्यांनी साबणाच्या पाण्यात. प्रेशर वॉशर कॉइलवर मारू नका, पातळ पट्ट्या चेपून हवा बंद होते.

आणि हिवाळ्याचं झाकण काढल्यावर एसी लगेच सुरू करू नका. वरचं प्लास्टिकचं कवच उघडून आत बघा. कुंभारमाशा इथेही आहेत आणि पंख्याच्या पात्यावर मातीचं घर बांधायला त्यांना एक ऋतू पुरतो. घर खरवडून काढा, पंखा हाताने फिरवून बघा, आणि कवचाचे स्क्रू परत लावताना हलक्या हाताने लावा. उन्हात वाळलेलं ते प्लास्टिक स्क्रूपाशीच तडकतं.