उवा-लिखा कशा काढाव्यात: फणी, कंडिशनर आणि चार तारखा

जूनमध्ये शाळा उघडतात आणि पंधरवड्याच्या आत सोसायटीतली कुणीतरी आई लिफ्टमध्ये हळूच विचारते, "तुमच्याकडे ती बारीक फणी आहे ना?" आहे. माझ्या दोन मुली, सुट्टीत राहायला येणाऱ्या कळव्याच्या भाच्या आणि रोज ठाण्याहून लेडीज डब्यात घुसणारी मी, एवढी डोकी गेली कित्येक वर्षं मीच साफ करतेय. आवाज हळू करायची गरज नाही. उवा घाणीमुळे होत नाहीत, काल शाम्पू केलेल्या केसांतही त्या मजेत राहतात. त्या उडत नाहीत, उड्याही मारत नाहीत. डोक्याला डोकं लागलं की एका केसावरून दुसऱ्यावर चालत जातात. एका मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेल्या दोन बहिणी दिसल्या की समजा पूल बांधला गेला.

आधी बघा, मग घाबरा. कोंडा बोटाने झटकला की पडतो. लीख केसाला एका बाजूने चिकटलेली असते, दोन नखांत धरून ओढावी लागते. कानामागे आणि मानेवर शोधा. चालती ऊ सापडली तरच पुढचा खटाटोप करायचा.

आता शेजारपाजारचे सल्ले. रॉकेल नको: पेट घेतं, कातडी भाजते. डांबराच्या गोळ्यांची पूड नको, ती विषारी असते. आणि सीताफळाच्या बियांची पूड तर मुळीच नको. "नैसर्गिक आहे गं, आमच्या आजीपासून चालत आलंय," असं म्हणून माझ्या एका नात्यातल्या मावशींनी ती लेकीच्या डोक्याला चोपडली. धुताना पाणी डोळ्यात गेलं. ती पूड डोळ्याच्या बुबुळाला अक्षरशः सोलून काढते. पोरगी आठवडाभर उजेडाकडे बघू शकत नव्हती, सगळे पडदे ओढून बसलेली. टक्कलही करू नका. दहा वर्षांच्या मुलीला उवांसाठी चमन करणं ही शिक्षा झाली, उपाय नव्हे.

औषध लावायचं तर 1 टक्का परमेथ्रिनचं लोशन, डॉक्टरांना विचारून. साध्या शाम्पूने केस धुवा, टॉवेलने टिपा, लोशन 10 मिनिटं ठेवा, धुवून टाका. त्या दिवशी आधी कंडिशनर लावू नका, औषध केसाला नीट लागत नाही. नवव्या दिवशी परत एकदा. बास. दोन महिन्यांखालच्या बाळाला हे लावायचं नाही.

खरं काम इथून पुढे आहे, आणि माझी पहिली दोन वर्षं इथेच वाया गेली. औषधाने चालत्या उवा मरतात, लिखा सगळ्या मरत नाहीत. शिवाय काही ठिकाणी उवा औषधाला दादही देत नाहीत. मी तेव्हा काय करायचे? खोबरेल चोपडायचं, पोरीला टीव्हीसमोर बसवायचं आणि फणी वरवर फिरवायची. तेलाने उवा मंदावतात, मरत नाहीत. पाच-सहा उवा नखावर चिरडल्या की मला वाटायचं, झालं.

नीट करायचं ते असं. केस ओले करा, भरपूर कंडिशनर लावा, धुऊ नका. कंडिशनरमध्ये ऊ जागच्या जागी थिजते, पळत नाही. मोठ्या कंगव्याने गुंता आधी काढा, नाहीतर फणी अडकते, पोरगी "आई, दुखतंय गं!" करून उठते आणि त्या दिवसाचं काम तिथेच संपतं. मग केसांचे भाग पाडा आणि चिमटे लावून बांधा. एका वेळी फणीच्या रुंदीपेक्षा बारीक बट घ्यायची, जाड घेतली की मधले केस फणी न लागताच निसटतात. फणी टाळूला टेकवायची, इतकी की किंचित टोचली पाहिजे, आणि मुळापासून टोकापर्यंत एका दमात ओढायची. लीख टाळूच्या अगदी जवळ, अर्ध्या सेंटिमीटरच्या आत घातलेली असते. फणी बोटभर वरून सुरू केलीत तर तुम्ही फक्त केस विंचरताय.

प्रत्येक ओढीनंतर फणी पांढऱ्या टिशूवर पुसा आणि बघा. तपकिरी, तिळाएवढी, पाय हलवणारी ती ऊ. त्याहून बारीक, जवळजवळ पारदर्शक, ते पिल्लू, आणि घात तेच करतं. प्रत्येक बट दोनदा. लांब दाट केसांना तास जातो, कमी वेळात झालं तर तुम्ही चुकताय. पावसाळ्यात ठाण्यात दुपारी तीनलाही ट्यूब लावावी लागते, म्हणून मी मोबाइलचा टॉर्च लावून धाकटीच्या हातात देते. तिला तेवढंच महत्त्व वाटतं.

फणी स्टीलचीच हवी, लांब दातांची, फट 0.3 मिलीमीटरच्या आत. जांभळी नाक्याला ढिगाने मिळतात त्या प्लास्टिकच्या फण्यांचे दात दाट केसांत फाकतात आणि लिखा आरामात मागे राहतात.

आता तारखा. लीख फुटायला 7 ते 10 दिवस लागतात, आणि पिल्लाला अंडी घालण्याइतकं मोठं व्हायला आणखी नऊ-दहा. म्हणून विंचरायचं पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी. मी पाचव्या दिवशी फणी साफ निघाली की थांबायचे, आणि पंधरा-वीस दिवसांनी डोकं परत भरलेलं. मग वर्गातल्या एका मुलीच्या आईशी भांडलेसुद्धा, "तुमच्याकडूनच येतात." येत नव्हत्या. माझ्याच घरात मागे राहिलेल्या लिखा वेळेवर फुटत होत्या. आता फ्रिजवरच्या कॅलेंडरवर चार गोल मारते आणि चौथ्या गोलापर्यंत कुणाला सोडत नाही. मधल्या एखाद्या दिवशी मोठी ऊ निघाली तर मोजणी पुन्हा एकपासून.

केसाच्या मुळापासून एक सेंटिमीटरहून लांब पांढरी टरफलं दिसली तर ती बहुतेक रिकामी किंवा मेलेली, घाबरू नका. दिसायला वाईट वाटतात म्हणून नखाने काढा हवं तर.

घरभर फवारण्या नकोत. डोक्यावरून उतरलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुवा, कंगवे कडक पाण्यात दहा मिनिटं बुडवा. टाळू खाजवून पू झाला असेल किंवा मानेला गाठी आल्या असतील तर फणी ठेवा, डॉक्टरांकडे जा.

आणि पहिल्याच दिवशी घरातल्या सगळ्यांची डोकी तपासा. आमच्या ह्यांनी फार कुरकुर केली, ह्यांचं डोकं स्वच्छ निघालं. माझ्यात तीन सापडल्या.