गेमसाठी लिहायचंय? आधी ‘स्किप’चं बटण समजून घ्या

गेम बनवणाऱ्या टीममध्ये लेखक म्हणून मी रुजू झाले, तेव्हा माझी वही भरलेली होती. राज्याचा इतिहास, राजघराण्याची वंशावळ, जुनी वैरं, सगळं तयार. त्यातून सुरुवातीचा साडेचार मिनिटांचा कटसीन, म्हणजे खेळ थांबवून सिनेमासारखा दाखवायचा प्रसंग, उभा राहिला. नायकाची बहीण कशी हरवली, हे त्यात होतं आणि माझा त्यावर फार जीव होता. पहिल्या प्लेटेस्टला, म्हणजे तयार होत असलेला गेम लोकांना खेळायला देऊन बघतात तेव्हा, मी मागे उभी राहून बघत होते. पहिल्या मुलाने विसाव्या सेकंदालाच बटणं दाबायला सुरुवात केली. दुसरीने फोन काढला. तिसऱ्याने सगळं शांतपणे बघितलं आणि खेळ सुरू होताच विचारलं, “मी शोधतोय कोणाला?”

हा तिसरा मला सर्वांत जास्त लागला. त्याने स्किप केलंच नव्हतं.

या क्षेत्रात येऊ पाहणारे मला हमखास विचारतात, गेममध्ये गोष्टीला खरंच किंमत असते का? कटसीन कोणी बघतं का? माझं मत ठाम आहे. किंमत असते, भरपूर असते, पण गोष्ट खेळाडूच्या हाताला लागली पाहिजे. १९८४ च्या टेट्रिसला गोष्ट नाही आणि त्याचं काही अडलेलं नाही. तशा गेमवर काम करायची वेळ आली, तर कृपा करून त्यात गोष्ट घुसडू नका.

कटसीन ही काही अलीकडची हौस नाही. १९८० च्या पॅक-मॅनमध्ये काही फेऱ्या संपल्या की छोटा प्रसंग दिसायचा: भूत पॅक-मॅनच्या मागे लागतं आणि मग अवाढव्य झालेला पॅक-मॅन त्याच भुताला पळवून लावतो. खेळाडूला तेवढाच श्वास घ्यायला वेळ मिळायचा. पुढच्याच वर्षीचा डाँकी काँग सुरू होतो तो असा: गोरिला बाईला घेऊन शिडीने वर चढतो, उड्या मारतो आणि सरळ असलेले गर्डर तिरपे होतात. कोणाला सोडवायचं, कुठे चढायचं, वाट अशी वाकडी का झाली, हे सगळं काही सेकंदांत कळतं. एकही संवाद नाही. नवीन माणूस आला की मी त्याला आधी ही सुरुवात दाखवते. ‘कटसीन’ हा शब्द मात्र नंतरचा. त्याचं श्रेय १९८७ चा मॅनियाक मॅन्शन हा गेम बनवणाऱ्या रॉन गिल्बर्ट यांना दिलं जातं.

१९९८ च्या हाफ-लाइफने वेगळी वाट धरली. सुरुवातीला तुम्ही ट्राममधून प्रयोगशाळेत जाता, पण डब्यात फिरता येतं, हवं तिकडे बघता येतं. कंट्रोल तुमच्याकडून कोणी काढून घेत नाही.

माझ्यावर सर्वांत खोल परिणाम केला तो २०१३ च्या ‘ब्रदर्स’ने. (खेळायचा बाकी असेल तर हा परिच्छेद सोडा.) कंट्रोलरच्या एका स्टिकने थोरला भाऊ चालतो, दुसऱ्या स्टिकने धाकटा. धाकट्याला पाण्याची भीती, म्हणून पोहताना तो थोरल्याच्या पाठीवर. शेवटाकडे थोरला मरतो. धाकटा एकटा पाण्यापाशी येतो आणि पुढे सरकत नाही. मग तुम्हाला थोरल्याचं बटण दाबावं लागतं, जे इतका वेळ निकामी पडून होतं. धाकटा पोहायला लागतो. हे कितीही उत्तम चित्रित केलेल्या कटसीनने साधलं नसतं, कारण ते बोटाला कळतं.

याचा अर्थ लांब कटसीन वाईटच, असा घेऊ नका. मेटल गिअर सॉलिड ४ च्या शेवटाकडे तासाभराच्या आसपास बघतच बसावं लागतं आणि त्या मालिकेवर प्रेम करणारे लोक आनंदाने बसतात. घोटाळा होतो तो गोष्ट एक सांगते आणि खेळ दुसरंच करायला लावतो तेव्हा. कटसीनमध्ये हळवा असलेला नायक पुढच्याच मिनिटाला शेकड्याने माणसं मारतो. गेम डिझायनर क्लिंट हॉकिंग यांनी २००७ मध्ये बायोशॉक या गेमवर लिहिताना या विसंगतीला ‘लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ असं नाव दिलं. शब्द अवघड आहे, पण दुखणं रोजचं. उलट उदाहरण २०२० च्या हेडीसचं. तिथे मेलात की घरी परतता आणि घरातल्यांकडे नवं काहीतरी बोलायला असतं. हरणंच गोष्ट पुढे नेतं.

आता रोजच्या कामाबद्दल, कारण नवख्यांना याची कल्पना नसते. माझा बराचसा वेळ स्प्रेडशीटमध्ये जातो. ‘बार्क’ लिहायचे, म्हणजे पहारेकऱ्याने आवाज ऐकल्यावर म्हणायचं छोटं वाक्य, त्याच्या दहा-बारा तऱ्हा. कटसीन महाग पडतो: अभिनय, अ‍ॅनिमेशन, आवाजाचं रेकॉर्डिंग. एकदा झाला की सहसा बदलत नाही. लेव्हल मात्र शेवटपर्यंत बदलत राहतात. आमची एक अख्खी लेव्हल रद्द झाली आणि रेकॉर्ड झालेल्या कटसीनमध्ये तिचा उल्लेख तसाच राहिला. तो खड्डा मी खेळात वायरलेसवर ऐकू येणाऱ्या एका वाक्याने बुजवला. म्हणून लेव्हल डिझायनरच्या शेजारी बसा. आणि स्किप, पॉज, सबटायटल या तिन्हींसाठी भांडा. दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला अडवून ठेवायचा आपल्याला हक्क नाही.

सरावासाठी एक करा. आवडता गेम नव्याने सुरू करा, तासभर प्रत्येक कटसीन स्किप करा आणि तरीही काय काय कळलं ते लिहून काढा. मग ट्वाइन किंवा इंक या गोष्टीचे गेम लिहायच्या साधनांमध्ये दहा मिनिटांचा गेम बनवा. दोन्ही फुकट आहेत. नोकरी मागताना कादंबरीपेक्षा असा खेळता येणारा तुकडा दाखवा.

माझ्या त्या कटसीनचे शेवटी चाळीस सेकंद उरले. बाकीचं आम्ही खेळात ओतलं. पहिली दहा मिनिटं बहीण सोबत असते. उंच भिंत आली की तुम्ही बटण दाबता, ती वरून हात देते. असं चार-पाच वेळा होतं, मग ती नाहीशी होते. पुढे पुन्हा एक भिंत येते. पुढच्या प्लेटेस्टला एक मुलगी तिथे पोचली, सवयीने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबून तिने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि थोडा वेळ नुसती त्या भिंतीकडे बघत राहिली.