बांध घालण्याआधी नळी धरायला शिका

मे महिना लागला की गावात जेसीबी फिरायला लागतो आणि पारावर एकच सल्ला ऐकू येतो, "बांध चांगला छातीएवढा घाला, मग बघू माती कुठं जाते." माती जातेच. उलट छातीएवढा बांध फुटला की गुडघ्याएवढ्यापेक्षा जास्त रान खरवडून नेतो, कारण त्याच्यामागं पाणीही छातीएवढंच तुंबलेलं असतं. बांधाची उंची ही शेवटची गोष्ट. तो रानातून कुठून कुठं जातो हे आधी ठरवावं लागतं, आणि ती रेघ पाणी भरलेल्या नळीनं पातळी मोजून आपणच आखायची असते. जेसीबीवाला ती आखून देत नाही. त्याचं मीटर तासावर चालतं.

थोडा हिशोब आधी करा. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे साधारण ४,००० लिटर पाणी. मृगातला एक चांगला ५० मिलिमीटरचा पाऊस म्हणजे एकरी २ लाख लिटर. ते खाली पळत सुटलं आणि जाताना रानावरून फक्त १ मिलिमीटर थर घेऊन गेलं, तरी एकरी ५ टनांच्या वर माती गेली. तो थर नाण्याच्या जाडीपेक्षाही कमी असतो, म्हणून डोळ्याला दिसत नाही. ओघळी दिसायला लागतात तोवर वरची कसदार माती केव्हाच ओढ्याला लागलेली असते.

कोणत्या रानात कोणता बांध

आमचं रान बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या उतारावर. वर मुरमाड, मधे मध्यम, खाली ओढ्याकाठी भारी काळी. एकाच गटात तीन प्रकार असल्यामुळं तिन्ही चुका करून झाल्या आहेत.

मुरमाड आणि मध्यम जमिनीत, आमच्यासारख्या सहाशे मिलिमीटरच्या आगेमागे पावसात, समपातळीवरचा बांध घाला, म्हणजे ज्याची रेघ रानात सगळीकडं एकाच उंचीवरून जाते असा. पाणी त्याच्यामागं अडतं आणि मुरतं.

भारी काळ्या रानात हा बांध घालू नका. कितीही जणांनी सांगितलं तरी नको. ती माती ओली झाली की फुगते आणि पाणी आत घेत नाही. बांधामागं आठ-आठ दिवस तळं राहतं, त्या पट्ट्यातलं सोयाबीन पिवळं पडतं. उन्हाळ्यात त्याच बांधाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचं पाणी भेगेतून वाट काढतं. तिथं ढाळीचा बांध हवा, म्हणजे पाणी हळूहळू एका बाजूला नेऊन सोडणारा. फक्त रब्बी ज्वारीचं रान असेल, सोलापूर-मंगळवेढ्याकडं असतं तसं, तर पावसाळ्यात १० मीटर बाय १० मीटरचे कप्पे पाडा. एक फुटाचे वरंबे पुरतात, पेरणीच्या वेळी मोडून टाकायचे.

आणि डोंगरावर खोदतात ते सलग समतल चर डोंगरावरच राहू द्या. पेरत्या रानात चर खोदून अर्धं शिवार खड्ड्यात घातलेले लोक मी पाहिले आहेत.

नळीचं काम

आता मुद्द्याचं. हेच काम मी पहिल्या वर्षी चुकवलं.

सामान फार नाही. आतून ८-१० मिलिमीटरची पारदर्शक नळी, १४ मीटर लांब. सहा फुटांच्या दोन सरळ पट्ट्या, दोन्हींवर बुडापासून शून्य धरून सेंटिमीटरची टेप चिकटवलेली. नळीचं एकेक टोक एकेका पट्टीला बांधायचं. १० मीटरची एक दोरी, खुंट्या, रेघ मारायला फक्की (पांढरी पूड), आणि फरशीचे दोन तुकडे. गवंडी ज्या नळीनं पाया काढतो तीच ही. आमच्याकडं तिला लोक हायड्रोमार्कर म्हणायला लागले ते २०१६ पासून, पाणी फाउंडेशनचा वॉटर कप, म्हणजे गावागावांतली पाणी अडवण्याची स्पर्धा, अंबाजोगाई, वरूड आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाला तेव्हापासून. नाव काही घ्या. मोबाईलवरचं उंची दाखवणारं ॲप मात्र घेऊ नका. ते मीटरनं चुकतं आणि आपल्याला दोन सेंटिमीटर पकडायचे असतात. "आम्हाला उतार डोळ्यानंच कळतो" असं म्हणणाऱ्यांनाही रानाबाहेर उभं करा. दोन टक्क्यांचा उतार डोळ्याला कळत असता तर ही नळी कुणी शोधली नसती.

बादली बाजेवर ठेवून नळीचं एक टोक तिच्यात बुडवा आणि दुसरं तोंडानं ओढून पाणी नळीत भरा. पाण्यात चिमूटभर नीळ टाकली तर उन्हातही पातळी दिसते. भरल्यावर नळी जमिनीवर पसरून टोकापासून टोकापर्यंत नखानं टिचक्या मारत जा. एक बुडबुडा आत राहिला तर दिवसभराचं काम मातीत. मग दोन्ही पट्ट्या एकाच फरशीवर शेजारी शेजारी उभ्या करा. आकडे सारखे आले तरच पुढं जा.

आधी उतार काढू. एक पट्टी वर, दुसरी बरोबर १० मीटर खाली. दोन्हींच्या आकड्यांत २० सेंटिमीटरचा फरक आला तर उतार २ टक्के. दोन बांधांमध्ये किती उतरण ठेवायची याचं जुनं सूत्र आहे: उताराच्या टक्क्याला ३ नं भागा, त्यात २ मिळवा, येईल त्याला ०.३ नं गुणा, उत्तर मीटरमध्ये. २ टक्क्यांना ०.८ मीटर येतं, म्हणजे दर ८० सेंटिमीटर उतरणीला एक बांध. अंतर ४० मीटर. १ टक्क्याला ७० मीटर, ३ टक्क्यांना ३० मीटर.

इथं मी घसरलो. वरच्या पट्टीशी चुलतभाऊ, खालच्या पट्टीशी मी. दर १० मीटरला माझ्या पट्टीवर पाणी १० सेंटिमीटर चढायचं. मी वहीत दहा, दहा, दहा लिहीत गेलो. आठ वेळा झाल्यावर म्हटलं, झाले ८० सेंटिमीटर, ठोक खुंटी. एकदाही भावाला विचारलं नाही की तुझ्याकडं काय दिसतंय. बांध झाले, दिसायला देखणे. त्या मृगात एका रात्रीच्या पावसात दोन बांधांच्या मधलं रान ओघळींनी फाटलं आणि खालचा बांध मधोमध बैलगाडी जाईल एवढा फुटला. दोष मी जेसीबीवाल्याला दिला.

खरं कारण सांगितलं ते सांडवा, म्हणजे बांधातलं जादा पाणी बाहेर सोडायची वाट, बांधायला आलेल्या गवंड्यानं. त्यानं नळीची दोन टोकं दोन हातांत धरली, एक हात खाली नेला आणि म्हणाला, "दादा, इकडं एक बोट चढलं की तिकडं एक बोट उतरतं. फरक किती बोटांचा?" दोन बोटांचा. पाणी तेवढंच असतं. एका बाजूला जेवढं वर येतं तेवढंच दुसऱ्या बाजूला खाली जातं. माझ्याकडं १० चढले तेव्हा भावाकडं १० उतरले होते आणि जमीन २० नं खाली होती. माझे ८० म्हणजे खरे १६० सेंटिमीटर. बांध ४० मीटरवर हवे होते, मी ८० मीटरवर घातले. प्रत्येक बांधावर दुप्पट रानाचं पाणी आलं.

तेव्हापासून नियम एकच. एका पट्टीवरचा आकडा कधीच वाचायचा नाही. दोघांनी मोठ्यानं आपापला आकडा म्हणायचा, वजाबाकी करायची, मग लिहायचं.

याचा एक फायदा असा की नळीतून थोडं पाणी सांडलं तरी काम बिघडत नाही. सांडलं तर दोन्हीकडचे आकडे सारखेच खाली येतात, फरक तोच राहतो. सकाळी लिहून ठेवलेल्या आकड्याशी दुपारचा आकडा ताडणारे मात्र इथंच फसतात. चालताना दोन्ही टोकांवर अंगठा ठेवा आणि वाचताना दोन्ही अंगठे काढा. एक अंगठा तसाच राहिला तर पाणी हलतच नाही आणि सगळी जमीन सपाट निघते! हसू नका, नवख्या माणसाकडून पहिल्या तासात हे होतंच.

पट्टीखाली फरशीचा तुकडा हवाच. एक पट्टी ढेकळावर आणि एक सरीत ठेवली की पाच-सात सेंटिमीटर तिथंच गेले. पाणी हेलकावे घेत असताना वाचू नका, थांबा.

आता बांधाची रेघ. समपातळीला दोन्ही आकडे सारखे येईपर्यंत पुढच्या माणसानं वर-खाली सरकायचं, जुळलं की खुंटी. मग मागचा माणूस उचलून पुढं येतो आणि पुढचा जागेवर राहतो. त्यानं पट्टी तसूभरही हलवायची नाही, तंबाखू मळायलासुद्धा नाही. ढाळीच्या बांधाला दर १० मीटरला २ सेंटिमीटरची उतरण द्या, म्हणजे एकाकडं एक चढेल आणि दुसऱ्याकडं एक उतरेल. इथंही एकच पट्टी बघितली तर ढाळ दुप्पट होतो आणि बांधाकडंचं पाणी माती कोरत पळतं. रेघ संपली की तशीच मोजत परत या. शंभर मीटरच्या रेघेत सुरुवातीच्या खुंटीशी तीन-चार सेंटिमीटरचा फरक चालेल. जास्त आला तर पुन्हा मोजा, कंटाळा आला तरी.

खुंट्या ठोकल्यावर रेघ सापासारखी नागमोडी दिसेल. ती जशीच्या तशी ठेवली तर पेरायला येणारा ट्रॅक्टरवाला तुमच्या नावानं खडे फोडेल. थोडी सरळ करा, पण मर्यादेत: उंचवटा कापताना १५ सेंटिमीटर आणि खोलगट ओलांडताना ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त पातळी सोडू नका. खोलगटातला बांध त्या हिशोबानं तेवढा उंच घ्या, माथा सगळीकडं एका पातळीत यायला हवा. मग फक्की मारा.

एक अडचण नळीनं सुटत नाही. आपल्याकडं वाटण्या उताराच्या दिशेनं लांबट पट्ट्यांत होतात, सगळ्यांना वरची आणि खालची जमीन सारखी मिळावी म्हणून. त्यामुळं समपातळीची रेघ चौथ्या-पाचव्या खुंटीवर शेजाऱ्याच्या हद्दीला जाऊन धडकते. भावकीचं जुळत असेल तर एकत्र आखा, खर्च वाटला जातो. नसेल जुळत तर बांधाची टोकं हद्दीच्या आत उताराच्या वरच्या बाजूला वळवून घ्या आणि गप्प बसा.

बांध, सांडवा आणि पुढचं

बांधाचं माप मध्यम जमिनीत मी असं ठेवतो: उंची अडीच फूट, माथा दीड फूट, पाया नऊ फूट. माती दबते, म्हणून उंची पावपट जास्त घाला. पायाची जागा आधी नांगरा. माती थराथरानं टाकून तुडवा. ती वरच्या बाजूनं घ्या, बांधापासून फूटभर जागा सोडून. खड्डा सलग काढू नका, मधेमधे आडव्या पट्ट्या राहू द्या, नाहीतर बांधामागं नालाच तयार होतो.

सांडव्याशिवाय बांध म्हणजे बुडालेले पैसे. समपातळीच्या बांधात सांडव्याचा उंबरा जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच ठेवा, दगड उभे रोवून घट्ट बसवा, आणि पाणी पडतं त्या खालच्या जागेतही दगड अंथरा. बहुतेक सांडवे वरून फुटत नाहीत, खालून पोखरले जातात. पाणी शेजाऱ्याच्या नांगरलेल्या रानात सोडू नका. ओढ्यापर्यंत किंवा गवताच्या पट्ट्यापर्यंत न्या. शेजाऱ्याच्या रानातून सुरू झालेली ओघळ तालुक्याच्या कोर्टापर्यंत जाते.

बांधावर पहिल्याच पावसाळ्यात मारवेल गवत किंवा वाळा लावा. गिरिपुष्पही चालतं, पाला रानात आच्छादनाला होतो. बांधावर तूर टोकणाऱ्यांना माझा विरोध नाही, पण तिच्यासाठी बांध खुरपू नका.

नांगरट, वखरणी, पेरणी, सगळं उताराला आडवं, बांधाला समांतर. याला एक पैसा लागत नाही आणि तरी निम्मे लोक लांब तास मिळतात म्हणून उभं पेरतात. सोयाबीन बीबीएफनं (रुंद वरंबा-सरी पद्धतीनं) पेरत असाल तर सऱ्यासुद्धा आडव्याच हव्यात. उभ्या सरीतलं पाणी बांधापर्यंत पोचतं तेव्हा त्याला आवरणारा बांध कुणाच्याच शेतात नसतो.

पहिला मोठा पाऊस झाला की चहाची वाट न बघता खोरं घेऊन रानात जा, पाऊस चालू असतानाच गेलात तर उत्तम. बांधामागं पाणी एका जागी जास्त साठलंय का, माथ्याला कुठं झिरप आहे का, उंदराच्या बिळातून गढूळ धार येतेय का ते बघा. धार गढूळ असेल तर त्याच क्षणी वरच्या बाजूनं बीळ मातीनं ठासा. दुपारी गेलात तर तिथं भगदाड असेल.