लॅकर की इनॅमल? प्लॅस्टिकचे मॉडेल रंगवण्याआधी समजून घ्यावयाचा फरक

इनॅमलची अर्धी वापरून ठेवलेली जुनी डबी उघडली, तर रंगावर दुधावर धरावी तशी जाड साय आलेली दिसते. ही साय थिनरमध्ये, म्हणजे रंग पातळ करायच्या द्रावात, कितीही घोळवली तरी विरघळत नाही. याउलट लॅकरची बाटली तळाशी सुकून गेली असली, तरी त्याचाच थिनर घालून ती थोडा वेळ ठेवली की तो गोळा पुन्हा रंग होतो. दोहोंतला मूळ फरक हाच आहे आणि कोणता थर आधी द्यायचा, कोणता नंतर, मध्ये किती थांबायचे, हे सारे त्यावरूनच ठरते.

लॅकर केवळ द्रावक उडून गेल्यामुळे वाळतो. मागे राहिलेल्या रेझिनमध्ये, म्हणजे रंगाला धरून ठेवणाऱ्या चिकट घटकात, कोणताही रासायनिक बदल होत नाही, म्हणून तो काही मिनिटांत हाताला कोरडा लागतो. इनॅमलचे वाळणे मात्र दोन टप्प्यांत होते. आधी टर्पेंटाइनसारखा सौम्य द्रावक उडतो आणि मग त्यातील अल्किड रेझिन हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून हळूहळू घट्ट विणले जाते. पहिला टप्पा काही तासांत उरकतो, दुसऱ्याला कित्येक दिवस लागतात. घराच्या दाराला लावतात तो ऑइल पेंट याच कुळातला. गाड्यांच्या रंगकामाला आपल्याकडे अजूनही ज्या नावाने ओळखतात ते ‘ड्यूको’ हे मुळात ड्यूपाँट कंपनीने १९२०च्या दशकात आणलेल्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचे नाव होते. ‘लॅकर’ या शब्दाचे मूळही आपल्या लाखेशीच जाऊन भिडते, जरी आजच्या बाटलीत लाख नसली तरी.

मॉडेलच्या रंगांत मिस्टर कलर हा ब्रँड आणि तामिया कंपनीची एलपी मालिका हे लॅकर, तर हम्ब्रॉलच्या १४ मिलिलीटरच्या डब्या हे इनॅमल. खरेदी करताना तामियाच्या बाबतीत विशेष जपावे, कारण एक्स आणि एक्सएफ हे क्रमांक त्यांच्या अॅक्रिलिक या तिसऱ्या प्रकारच्या रंगालाही असतात आणि इनॅमललाही. थिनरचेही तसेच आहे: एक्स-२० इनॅमलसाठी, एक्स-२०ए अॅक्रिलिकसाठी. एका अक्षराच्या चुकीने रंगाच्या गुठळ्या होतात.

मॉडेलचा मुख्य रंग एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या छोट्या पिचकारीने, द्यायचा असेल, तर मी लॅकरच निवडतो. एक भाग रंगाला एक ते दोन भाग थिनर घालून मिश्रण दुधाइतके पातळ करावे, दाब १५ ते २० पीएसआय ठेवावा आणि एकदम ओला थर न देता तीन-चार विरळ हात मारावेत. लॅकरचा द्रावक मॉडेलच्या पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकला किंचित विरघळवून त्यात रुतून बसतो, म्हणून मास्किंग टेप ओढली तरी रंग सहसा निघत नाही. मात्र हार्डवेअरच्या दुकानातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर मॉडेलच्या रंगात घालू नये. तो प्लॅस्टिकच्या बारीक रेषा खाऊन टाकतो. एअरब्रशच्या धातूच्या भागांवरचा वाळलेला लॅकर काढायला तो उत्तम आहे.

ब्रशने रंगवायच्या बारीकसारीक भागांना इनॅमल बरा. तो सावकाश वाळतो, त्यामुळे ब्रशच्या रेघा आपोआप सपाट होतात. लॅकरवर ब्रशचा दुसरा हात फिरवला की खालचा थर विरघळून वर येतो. पॅनेलच्या रेषांत भरायचा वॉश, म्हणजे रेषा उठून दिसाव्यात म्हणून लावायचा पातळ रंग, हाही इनॅमलचाच घ्यावा, कारण त्याचा सौम्य थिनर खालच्या लॅकरला धक्का लावत नाही आणि जास्तीचा वॉश कापसाच्या बोळ्याने निवांत पुसता येतो.

क्रम उलटला तर काय होते, ते मी स्वतः पाहिले आहे. जुन्या विक्रांतवरून एके काळी उडणाऱ्या सी हॉक विमानाचे १:७२ प्रमाणातले मॉडेल मी इनॅमलने रंगवले होते. तिसऱ्या दिवशी पंख हाताला अगदी कोरडा लागला, म्हणून त्यावर चमकदार लॅकर क्लिअरचा (पारदर्शक थराचा) भरपूर ओला हात दिला. काही मिनिटांतच पंखाची पाठ मनुक्यासारखी सुरकुतली आणि एलेरॉनची (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीची) रेषा दिसेनाशी झाली. अर्धवट पक्क्या झालेल्या इनॅमलमध्ये तीव्र द्रावक शिरला की थर फुगतो, आणि पसरायला जागा नसल्याने तो उचलला जातो. म्हणून खाली लॅकर, वर इनॅमल, हाच क्रम धरावा. वॉशवर शेवटी लॅकरचा मॅट क्लिअर द्यायचाच असेल, तर वॉश पूर्ण वाळू द्यावा आणि आधी दुरून कोरडे, धुक्यासारखे फवारे मारावेत. इनॅमल पक्का झाला की नाही, हे बोटाने कळत नाही. नाक जवळ न्यावे. वास येत असेल तर अजून थांबावे.

मुंबईत जून ते सप्टेंबर हा लॅकरसाठी खरा कसोटीचा काळ. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतले पाणी त्यावर जमते आणि चमकदार काळा रंग पांढरट, धुरकट दिसू लागतो. अशा दिवसांत रिटार्डर (वाळणे मंदावणारा द्रावक) असलेला थिनर, म्हणजे मिस्टर कलरचा लेव्हलिंग थिनर, वापरावा. डाग पडलाच, तर नुसत्या त्याच थिनरचा हलका फवारा मारून पाहावा. थर पुन्हा सैल होऊन अडकलेला ओलावा निघून जातो आणि बहुधा रंग पूर्ववत होतो. मुसळधार पाऊस लागला असेल, तर मी फवारणी पुढे ढकलतो आणि ब्रशची कामे हाती घेतो.

दोन्ही रंगांची वाफ ज्वलनशील आणि आरोग्याला घातक असते. साधा एन-९५ मास्क ती अडवत नाही. सेंद्रिय वाफेसाठीचे सक्रिय कार्बनचे कार्ट्रिज असलेलाच मास्क हवा. वन रूम किचनमध्ये काम करत असाल, तर गॅस बंद आहे, देवापुढची समई शांत झाली आहे आणि खिडकी उघडी आहे, हे पाहूनच बाटली उघडावी. काम संपल्यावर डबीच्या काठावरचा रंग पुसूनच झाकण दाबावे. काठावर रंग राहिला की झाकण नीट बसत नाही, फटीतून हवा आत जात राहते आणि पुढच्या वेळी साय ठरलेलीच.