लहान कॉलेजातील अमेरिकन फुटबॉलचा शनिवार : सामना कसा निवडावा, दिवस कसा घालवावा

अमेरिकेत शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी गेलेल्या मराठी माणसाला तिथल्या फुटबॉलची पहिली ओळख बहुधा टीव्हीवर होते, आणि प्रत्यक्ष सामना पाहावा असे वाटले की त्याची नजर साहजिकच मोठ्या विद्यापीठांकडे वळते. ॲन आर्बर येथील मिशिगन स्टेडियममध्ये एका वेळी १,०७,६०१ प्रेक्षक बसू शकतात, आणि तो जनसमुदाय एकदा पाहण्यासारखा आहे हे खरेच. परंतु ज्याला सामन्याच्या दिवसाचे वातावरण हवे आहे, म्हणजे लोक एकमेकांना कसे भेटतात, काय खातात, कशावर वाद घालतात आणि आपल्या गावच्या संघावर कसा जीव टाकतात हे जवळून पाहायचे आहे, त्याने लहान कॉलेज गाठावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लहान कॉलेज म्हणजे ढोबळमानाने एनसीएए या, अमेरिकेतील कॉलेजांच्या खेळांचे नियमन करणाऱ्या, संस्थेच्या तिसऱ्या विभागात, म्हणजे डिव्हिजन थ्रीमध्ये, खेळणारे कॉलेज. १९७३ मध्ये एनसीएएने सदस्य संस्थांचे तीन विभाग पाडले. त्यांपैकी तिसऱ्या विभागातील कॉलेजांना खेळाडूंना खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. मैदानावरची मुले शनिवारी सामना खेळतात आणि सोमवारी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत उभी असतात. पुढे व्यावसायिक संघात जाणारा त्यांतला एखादाच. प्रेक्षकांमध्ये आई-वडील, वर्गमित्र, प्राध्यापक, माजी विद्यार्थी आणि गावातील जुनी मंडळी असतात, आणि त्यांतील बहुतेकांची मैदानावरील कोणाशी तरी ओळख असते. वातावरण निराळे असते ते यामुळेच.

पायरी १ : संघ नव्हे, सामना निवडावा

हंगाम सप्टेंबरच्या आरंभी सुरू होतो आणि नियमित सामने नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत संपतात. सामने प्रामुख्याने शनिवारी, बहुधा दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान सुरू होतात. कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या संकेतस्थळावर वेळापत्रक मिळते; त्यात तीन गोष्टी शोधाव्यात. पहिली होमकमिंग, म्हणजे माजी विद्यार्थी परत येण्याचा शनिवार. दुसरी फॅमिली वीकेंड, म्हणजे पालकांना बोलावण्याचा आठवडाअखेर. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, पारंपरिक प्रतिस्पर्ध्याशी होणारा सामना, जो अनेक ठिकाणी हंगामाचा शेवटचा असतो. या तिन्हींपैकी काहीच नसलेल्या दिवशी गेल्यास स्टँडमध्ये दोन-तीनशे माणसेच दिसण्याची शक्यता आहे, आणि पहिल्याच खेपेला तसे झाले तर सगळ्या प्रकाराविषयीच गैरसमज होतो.

पारंपरिक लढतींची काही नावे सांगतो. मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स आणि ॲमहर्स्ट ही कॉलेजे १८८४ पासून एकमेकांशी फुटबॉल खेळत आहेत. दोन्ही संघांचा रंग जांभळाच असल्यामुळे नवख्या माणसाला सुरुवातीला कोण कोणाचा समर्थक हे कळत नाही, ही त्यातली गंमत. विल्यम्सने होमकमिंगचा सामना जिंकला की खेळाडू गणवेशातच विल्यम्सटाउनच्या स्प्रिंग स्ट्रीटवरून चालत निघतात आणि एका जुन्या केशकर्तनालयापाशी पोहोचतात. ‘द वॉक’ नावाची ही रीत १९७१ पासून चालत आली आहे. त्या दिवशी स्प्रिंग स्ट्रीटच्या पदपथावर आधीच जागा धरून उभे राहिल्यास मिरवणूक अगदी हातभर अंतरावरून जाते.

इंडियाना राज्यातील वॉबॅश आणि डिपॉ यांची लढत १८९० पासूनची आहे. १९३२ पासून विजेत्याला मोनॉन रेल्वेच्या इंजिनावरची सुमारे तीनशे पौंड वजनाची घंटा मिळते. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी ती घंटा एकमेकांकडून कितीदा पळवली याचे किस्से तिथली माणसे हौसेने सांगतात, तेव्हा शेजाऱ्याशी बोलणे सुरू करायला त्याहून सोपा विषय नाही. वॉबॅशचे क्रॉफर्ड्सव्हिल आणि डिपॉचे ग्रीनकॅसल ही दोन्ही गावे इंडियानापोलिसपासून मोटारीने साधारण तासाभरावर आहेत. या सामन्याची तिकिटे मात्र आधीच घेऊन ठेवावीत. ऐन वेळी दारावर मिळतील या भरवशावर राहू नये.

निसर्ग आणि खेळ दोन्ही हवे असतील तर मिनेसोटातील कॉलेजव्हिल येथील सेंट जॉन्स विद्यापीठ गाठावे. बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाच्या मठाशी जोडलेल्या या संस्थेचे क्लेमेन्स स्टेडियम झाडांनी वेढलेल्या खोलगट जागेत आहे आणि सप्टेंबरच्या अखेरीस त्या भागातील पाने रंग बदलू लागतात. जॉन गॅग्लियार्डी यांनी १९५३ पासून २०१२ पर्यंत इथे प्रशिक्षण दिले. त्यांच्या नावावर एकूण ४८९ विजय आहेत, आणि तेही सरावात खेळाडूंनी एकमेकांना पाडायचे नाही असा नियम घालून मिळवलेले. सामन्यापूर्वी अर्धा तास काढून वास्तुविशारद मार्सेल ब्रॉयर यांनी आखलेले मठाचे काँक्रीटचे भव्य चर्चही पाहून घ्यावे.

आपल्याकडील विद्यार्थी मोठ्या संख्येने जातात अशा कार्नेगी मेलन, केस वेस्टर्न रिझर्व्ह, जॉन्स हॉपकिन्स, एमआयटी आणि शिकागो या विद्यापीठांचे फुटबॉल संघही याच विभागात आहेत, हे तिथे दोन वर्षे काढलेल्या कित्येकांना ठाऊक नसते. पीट्सबर्गमध्ये कार्नेगी मेलनचा बँड स्कॉटिश किल्ट घालून वाजवतो, तेवढ्यासाठीही जायला हरकत नाही. शिकागोचा इतिहास तर विलक्षण आहे. १९३५ मध्ये पहिली हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळवणारा जे बरवॅंगर याच विद्यापीठाचा. पण १९३९ मध्ये अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी फुटबॉलच बंद केला. रिकाम्या पडलेल्या स्टॅग फील्ड या जुन्या मैदानाच्या स्टँडखाली २ डिसेंबर १९४२ रोजी जगातील पहिली नियंत्रित अणुसाखळी-प्रक्रिया घडवण्यात आली. १९६९ मध्ये संघ पुन्हा उभा राहिला आणि आज तो जवळच्याच नव्या मैदानावर खेळतो. मात्र अशा शहरी, अभ्यासाने पिचलेल्या विद्यापीठांत गर्दी बेताची असते. तिथे जल्लोषाच्या अपेक्षेने जाऊ नये, खेळ जवळून पाहण्यासाठी जावे.

आणखी एक व्यावहारिक अडचण अशी की हा हंगाम नेमका गणेशोत्सव, नवरात्र आणि दिवाळी यांच्या काळात येतो, आणि परदेशातील महाराष्ट्र मंडळांचे कार्यक्रम शनिवारीच असतात. म्हणून मंडळाची तारीख जाहीर झाली की लगेच दोन्ही वेळापत्रके शेजारी ठेवून पाहावीत.

पायरी २ : तिकीट, कपडे आणि पिशवी

तिकिटाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. अनेक कॉलेजांत प्रवेश विनामूल्य असतो, इतरत्र दर माफक असतो, विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर बहुधा फुकट सोडतात. काही मैदानांवर पारदर्शक पिशवीचा नियम असतो, तो आधी वाचून घ्यावा.

कपड्यांच्या बाबतीत यजमान संघाचा रंग अंगावर असावा. निदान पाहुण्या संघाचा तरी नसावा. व्हर्जिनियातील हॅम्पडन-सिडनी या केवळ मुलांच्या कॉलेजात सामन्याला कोट-टाय घालून येण्याची जुनी रीत आहे, पण असे अपवाद वगळता साधा स्वेटशर्ट पुरतो. थंडीची मात्र हयगय करू नये. लहान मैदानांवरील बाके बहुधा ॲल्युमिनियमची असतात, आणि नोव्हेंबरात त्यांचा गारठा जीन्समधून पहिल्या दहा मिनिटांत हाडांपर्यंत पोहोचतो. बसायला जाड उशी, पायांवर घ्यायला घोंगडी आणि लोकरीची टोपी एवढे असल्याशिवाय उत्तरेकडच्या राज्यांत जाऊ नये. भारतातून आलेल्या आई-वडिलांना बरोबर नेणार असाल तर सप्टेंबरचाच सामना निवडलेला बरा.

पायरी ३ : दोन तास आधी पोहोचावे

सामना एक वाजता असेल तर अकराला तिथे असावे. खरा दिवस मैदानाबाहेरच्या वाहनतळावर किंवा हिरवळीवर सुरू होतो. गाड्यांची मागची दारे उघडून, घडीची टेबले मांडून, शेगडीवर काहीतरी भाजत लोक उभे असतात. यालाच टेलगेटिंग म्हणतात. मोठ्या विद्यापीठांत हे प्रकरण जत्रेएवढे वाढलेले असते आणि तिथे अनोळखी माणूस अनोळखीच राहतो. लहान कॉलेजात मात्र एका बाजूला खेळाडूंच्या पालकांची सामाईक मेजवानी चाललेली असते आणि दुसरीकडे वीस-तीस वर्षांपूर्वीच्या तुकड्यांचे गट जमलेले असतात. त्यांच्याजवळून जाताना “आमचा हा पहिलाच सामना आहे” एवढे एक वाक्य बोलावे. बहुतेक वेळा हातात खाण्याची बशी येते, आणि तिच्याबरोबर संघाचा सगळा इतिहासही.

रिकाम्या हाताने मात्र जाऊ नये. आपले टेबल मांडायचे नसले तरी वाटून खाता येईल असे काही जवळ ठेवावे. कोथिंबिरीच्या वड्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या थंडही चांगल्या लागतात, हाताने खाता येतात आणि त्या कशाच्या आहेत हे सांगता सांगता ओळख होते. शाकाहारी मंडळींना तर या डब्याचा दुहेरी उपयोग आहे, कारण मैदानातील स्टॉलवर हॉट डॉग वगळल्यास नाचोज, पॉपकॉर्न, प्रेट्झेल आणि हॉट चॉकलेट याखेरीज फारसे काही मिळत नाही, आणि बाहेरचे अन्न पुष्कळ ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. मद्याविषयी प्रत्येक कॉलेजचा नियम वेगळा असतो. कायद्याने वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, ओळखपत्र मागितले जाऊ शकते, आणि काही आवारांत मद्याला पूर्ण मनाई असते.

पायरी ४ : किमान नियम आणि एक खेळाडू

नियमांचे पुस्तक पाठ करण्याची गरज नाही. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे असते. गेले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. न गेल्यास चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. टचडाऊनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेल्यास, ६ गुण, त्यानंतरच्या यशस्वी किकला १, आणि फील्ड गोलला, म्हणजे खेळ चालू असताना चेंडू लाथेने गोलखांबांमधून पार केल्यास, ३. पंधरा मिनिटांचे चार भाग असले तरी घड्याळ वारंवार थांबत असल्याने सामना तीन तासांच्या आसपास चालतो.

हा दहा यार्डांचा हिशेब कसा ठेवला जातो ते लहान मैदानावर अगदी डोळ्यांसमोर दिसते. सीमारेषेवर दोन माणसे एकेक खांब धरून उभी असतात आणि खांबांमध्ये बरोबर दहा यार्डांची साखळी असते. चेंडू रेषेच्या आसपास थांबला आणि पंचांना शंका आली, की ही माणसे साखळी घेऊन मैदानात धावतात, खांब जमिनीवर टेकवतात, साखळी ताणतात आणि पंच वाकून चेंडूचे टोक खांबाच्या पुढे आहे की मागे हे पाहतात. तिसऱ्या रांगेतून ते अंतर बोटाच्या पेराएवढे असल्याचेही दिसते, आणि पंचांनी हात दाखवण्यापूर्वीच अर्ध्या स्टँडने आपला निकाल देऊन टाकलेला असतो.

यापेक्षाही उपयोगी उपाय म्हणजे संघाच्या यादीतून एक खेळाडू निवडून ठेवणे. यादीत क्रमांक, नाव, गाव आणि इयत्ता दिलेली असते. चेंडू हाती न घेणारा, समोरच्याला केवळ अडवून धरणारा एखादा धिप्पाड गडी निवडावा आणि प्रत्येक वेळी त्याच्याकडेच पाहावे. चेंडूमागे धावणाऱ्या नजरेला जे कधीच कळत नाही ते सारे दुसऱ्या भागापर्यंत आपोआप उलगडू लागते.

पायरी ५ : कुठे बसावे आणि कसे वागावे

यजमानांचा स्टँड पुष्कळ ठिकाणी पश्चिमेकडे असतो, त्यामुळे दुपारचे ऊन पाठीवर येते. डावपेच पाहायचे असतील तर वरच्या रांगा चांगल्या. पण वातावरणासाठी आलेल्या माणसाने बँडपासून थोड्या अंतरावर, खालच्या रांगांत बसावे. तिथून हेल्मेट एकमेकांवर आदळल्याचा आवाज, प्रशिक्षकांची ओरड आणि राखीव खेळाडूंची चेष्टामस्करी सगळे ऐकू येते.

राष्ट्रगीताला टोपी काढून उभे राहावे. आपला संघ आक्रमण करीत असताना शांत राहायचे आणि प्रतिस्पर्धी आक्रमणात असताना, विशेषतः त्यांच्या तिसऱ्या प्रयत्नाला, गोंगाट करायचा, हा अलिखित नियम आहे. खेळाडूंना इशारे ऐकू यावेत किंवा येऊ नयेत यासाठी तो असतो. खेळाडू जखमी होऊन पडला की इतर खेळाडू गुडघा टेकून बसतात आणि स्टँड गप्प होतो. तो उठून चालू लागला की दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजतात, मग तो कोणत्याही संघाचा असो. चेंडू निसटलेल्या मुलाला नावे ठेवण्याचा मोह कटाक्षाने आवरावा, कारण शेजारच्या बाकावर घोंगडी पांघरून बसलेली बाई त्याची आई असण्याची शक्यता इथे खरोखरच मोठी असते.

मध्यंतर साधारण वीस मिनिटांचे असते. स्टॉलवर जायचे असेल तर त्याच्या दोन-तीन मिनिटे आधीच उठावे, म्हणजे रांग टळते आणि बँडचे वादनही चुकत नाही.

पायरी ६ : सामना संपल्यावर लगेच निघू नये

गुणफलक कितीही एकतर्फी असला तरी शेवटपर्यंत थांबावे. घड्याळ शून्यावर आले की दोन्ही संघ ओळीने हात मिळवतात आणि काही मिनिटांतच पालक, भावंडे आणि मित्र मैदानात उतरतात. मोठ्या विद्यापीठांत सुरक्षारक्षक हे होऊ देत नाहीत. लहान कॉलेजात मात्र पुष्कळदा आपल्यालाही गवतावर उभे राहता येते, हेल्मेट काखेत धरलेल्या मुलांशी दोन शब्द बोलता येतात, आणि लहान मुलांना चेंडू फेकून पाहता येतो. फोटो काढण्यापूर्वी विचारावे, आणि हरलेल्या संघातील शेवटच्या वर्षाच्या मुलांना त्यांच्या घरच्यांबरोबर थोडे एकटे सोडावे, कारण त्यांच्यापैकी बहुतेकांचा फुटबॉल तिथेच संपलेला असतो. त्यानंतर वाहनतळावर पालकांची शेगडी पुन्हा पेटते आणि सकाळी ओळख झालेली माणसे हाक मारतात.

परतीची वेळ मात्र आधी ठरवून ठेवावी. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळे एक तास मागे जातात, त्यामुळे त्यानंतरच्या सामन्यांना उत्तरेकडे पाचच्या सुमारास अंधार पडतो. ही कॉलेजे बहुधा आडगावी असतात, रस्ते दुपदरी आणि दिव्यांविना असतात, आणि त्या दिवसांत तिन्हीसांजेला हरणे हमखास रस्त्यावर येतात. पेट्रोल सकाळीच भरून घ्यावे, गाडीचा वेग कमी ठेवावा, आणि एक हरीण रस्ता ओलांडून गेले तर मागून दुसरे येणार हे गृहीत धरून थांबावे.