मल्टिपल इनहेरिटन्स वापरताय? मग या चुका टाळा

मल्टिपल इनहेरिटन्स म्हणजे एका क्लासनं दोन किंवा जास्त क्लासकडून गुण घेणं (इनहेरिट करणं). मोंढ्याचं सॉफ्टवेअर धरू. खातेदार हा मूळ क्लास, त्याच्यापासून शेतकरी आणि आडत्या असे दोन निघाले, आणि लातूरला सोयाबीन पिकवणारा माणूस आडतही चालवत असला तर त्याच्यासाठी दोघांकडून इनहेरिट करणारा तिसरा. झाला डायमंड प्रॉब्लेम तयार, म्हणजे तिसऱ्याकडून एकाच मूळ क्लासकडे जायच्या दोन वाटा.

पायथनमधे सगळ्यात जास्त घोळ इनिटमधे (ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारी मेथड) होतो. शेतकरी आणि आडत्या दोघांच्या इनिटमधून खातेदारचं इनिट थेट नाव घेऊन बोलावलं की ते दोनदा चालतं. पहिल्यांदा बाकी ० झाली, शेतकरीने त्यात ५००० उचल टाकली, मग आडत्याने परत खातेदारला बोलावलं आणि बाकी पुन्हा ०. एरर काहीच नाही, पैसे गायब! म्हणून थेट नाव न घेता सगळीकडे सुपर वापरा आणि तेही इनिटच्या पहिल्याच ओळीत.

पण सुपर म्हणजे बाप हे डोक्यातून काढा राव. सुपर म्हणजे एमआरओच्या (मेथड कुठल्या क्रमानं शोधायची ती क्लासची रांग) रांगेतला पुढचा क्लास, त्यामुळे तिसऱ्या क्लासच्या कंसात शेतकरी आधी आणि आडत्या नंतर असेल तर शेतकरीमधला सुपर खातेदारकडे जात नाही, आडत्याकडे जातो. शेतकरीमधे सुपर लिहायचाच राहिला तर आडत्याचं इनिट चालतच नाही आणि त्यात भरायचा लायसन्स नंबर मागितला की ॲट्रिब्यूट एरर. शंका आली की क्लासचा एमआरओ प्रिंट करून बघा, निम्मं डोकं तिथंच शांत होतं.

नवा क्लास बनवताना त्याच्या कंसात खातेदार आधी आणि शेतकरी नंतर लिहिलं तर पायथन क्लासच बनू देत नाही, टाइप एरर देतो (रांग ठरवायला पायथन २.३ पासून सी-थ्री नावाची पद्धत आहे, तिच्यात मूळ क्लास नेहमी मागं लागतो). मिक्सिन (एखादी जादा सोय जोडणारा छोटा क्लास) असेल तर तो कंसात डावीकडे.

सी प्लस प्लसमधे शेतकरी आणि आडत्या खातेदारकडून इनहेरिट करताना व्हर्च्युअल (मूळ क्लास एकदाच ठेव असं सांगणारा शब्द) लिहायला विसरलात तर एकाच माणसाची दोन खाती तयार होतात, उचल एकात आणि बाकी दुसऱ्यात. व्हर्च्युअल लावल्यावर खातेदारचा कन्स्ट्रक्टर (इनिटसारखा, ऑब्जेक्ट बनताना चालणारा) सगळ्यात खालच्या क्लासनेच बोलवायचा असतो, शेतकरीमधून नाव पाठवलं तरी ते धरलं जात नाही आणि डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर (काही न देता चालणारा) असेल तर पावतीवर नाव कोरं.

जावात दोन क्लास घेताच येत नाहीत. दोन इंटरफेसच्या (क्लासनं कुठल्या मेथड द्यायच्या ते सांगणारी यादी) एकाच नावाच्या डिफॉल्ट मेथड (ज्यांचा कोड तिथंच लिहिलेला असतो) मात्र भिडतात, तिथं आपल्या क्लासमधे ती ओव्हरराइड करून (नव्यानं लिहून) कुणाची हवी ते सांगा.

आणि खरं सांगू का, इथं तिसरा क्लास लागतच नव्हता, खातेदारातच भूमिकांची लिस्ट ठेवायची, पुढच्या हंगामात त्यानं आडत बंद केली तर लिस्टमधून एक नोंद काढली की काम झालं.