कॅमेऱ्याची फुगलेली बॅटरी आणि नंतरची निवड

पुण्याजवळ कवडीपाटला पहाटे पक्षी टिपताना माझ्या कॅनन कॅमेऱ्याची बॅटरी निम्म्यावरून एकदम शून्यावर आली. बाहेर काढायला गेलो तर कप्प्यात अडकलेली! ऑनलाइन स्वस्तात घेतलेली, वर क्षमता २६०० एमएएच (मिलीअँपिअर-तास) छापलेली. कॅननची मूळ बॅटरी, एलपी-ई६एन, १८६५ची असते. तेवढ्याच आकारात इतकी जास्त क्षमता? मला तेव्हाच शंका यायला हवी होती. टोकदार काही न घालता, कॅमेरा उलटा धरून हलक्या हातानं ती काढली. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका, कृपा करून! मी ती ई-कचऱ्यात दिली.

मग दुसरी बॅटरी घ्यायला पुण्यातल्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. मूळ बॅटरी सोबत नेली, नवीचं वजन तिच्याशी ताडून पाहिलं. फारच हलकी असेल तर आत सेल लहान असण्याची शक्यता. कॅमेऱ्यात घालून चार्जची टक्केवारी दिसते का तेही पाहिलं, कारण बॅटरीतली चिप जुळली नाही तर कॅमेरा नीट आकडा दाखवत नाही. क्षमतेचा दावा मूळ बॅटरीइतकाच, पक्कं बिल, वर्षाची वॉरंटी. पहिल्याच आठवड्यात पूर्ण चार्ज करून संपेपर्यंत वापरली. टक्केवारी सावकाश उतरली, बॅटरी तापली नाही. आता पक्षी टिपायला भिगवणला हीच नेतो, मूळ बॅटरी खिशात.